बाकावरचा विद्यार्थी : खेळण्याचा वेळ आणि खेळाडूची घडण

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत सामान्यतः झालेल्या कार्याचा आढावा असतो, देणगीदारांचा ऋणनिर्देश असतो आणि पुढील संकल्पांची यादी असते. ते सर्व या अंकात अधिकारी मंडळी आपापल्या ठिकाणी मांडतीलच. आम्ही व्यवसायाने शिक्षक. आमच्या वाट्याला आलेली ही चार पाने आम्ही एका विशिष्ट विद्यार्थ्यासाठी खर्च करू इच्छितो. त्याचे नाव संघाच्या यादीत असते, संघाचा गणवेश त्याच्या अंगावर असतो, सामन्यानंतरच्या छायाचित्रातही तो मागच्या रांगेत उभा असतो. पण तो खेळलेला मात्र नसतो. हा बाकावरचा, म्हणजे राखीव, खेळाडू होय.

हुबळी-धारवाडच्या महाविद्यालयांतून बास्केटबॉल मोठ्या आवडीने खेळला जातो. आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील कित्येक मुले-मुली तो खेळतात. त्यांपैकी पहिल्या पाचांत जी असतात त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. उरलेल्या सातांचे काय होते, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. खेळ निघाला तेव्हा बाक नव्हता

बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. कडाक्याच्या हिवाळ्यात मुलांना बाहेर खेळता येईना, म्हणून व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकून त्यांनी १३ नियम लिहिले. वर्गात १८ विद्यार्थी होते. म्हणून नेस्मिथ यांनी ९-९ जणांचे दोन संघ पाडले. वाचकांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावे. जेवढी मुले वर्गात तेवढी सर्व मैदानात, असा तो मूळचा हिशेब होता. कडेला बसवून ठेवण्यास कोणी उरलेच नव्हते.

पुढे १८९७ च्या सुमारास पाच जणांचा संघ रूढ झाला आणि बाकीची मुले कडेला बसली. प्रारंभी तर एकदा बाहेर आलेल्या खेळाडूस त्या सामन्यात पुन्हा आत जाता येत नसे. अमेरिकेत १९२० च्या सुमारास त्यास एकदा परत जाण्याची मुभा मिळाली, नंतर दोनदा मिळाली, आणि १९४४-४५ च्या हंगामापासून कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मोकळीक झाली. आजही तीच मोकळीक आहे. म्हणजे नियमाने दार सताड उघडे ठेवले आहे. मुलगा बाकावर बसून राहतो तो आता नियमामुळे नव्हे, तर त्याला शिकविणाऱ्या माणसाच्या निर्णयामुळे. म्हणून हा प्रश्न क्रीडेचा जितका आहे तितकाच शिक्षणाचाही आहे.

२. दोनशे मिनिटांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना १० मिनिटांच्या ४ सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. एका वेळी ५ खेळाडू मैदानात असतात. अर्थात शिक्षकाच्या हाती वाटावयास एकंदर २०० मिनिटे असतात. संघ १२ जणांचा. सारखी वाटणी केली तर प्रत्येकास १६ मिनिटे ४० सेकंद मिळतील.

अशी सारखी वाटणी कोणी करीत नाही, आणि करावी असे आमचेही म्हणणे नाही. नेहमी होते ते असे : पहिल्या पाचांस प्रत्येकी ३४ मिनिटे, म्हणजे १७०; सहाव्या व सातव्यास १२-१२, म्हणजे २४. उरली ६ मिनिटे. ती उरलेल्या पाचांत वाटली जातात, आणि तीही सामन्याचा निकाल लागून चुकल्यावर, शेवटी शेवटी.

आता दुसरी बाजू पाहा. हाच राखीव मुलगा रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस सरावाला येतो. २० आठवड्यांचे २०० तास झाले. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा बाद पद्धतीचे. पहिल्याच फेरीत हरले की संघ घरी. म्हणजे २०० तासांचा अभ्यास आणि परीक्षेस एक-दोन मिनिटे! एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर वर्गात बसावे आणि त्याला एकदाही फळ्यापाशी बोलावू नये, तसा हा प्रकार आहे. अशा विद्यार्थ्यास गणित आले नाही तर दोष कोणाचा, हे आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको.

३. आमची एक चूक

हे आम्ही दुसऱ्यास शिकविण्याच्या भूमिकेवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी शाळेचा बास्केटबॉल संघ आमच्याकडे होता. पाच मुले चांगली तयार झाली होती आणि आम्ही त्या पाचांवरच विसंबून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. त्या सामन्यात शेवटच्या सत्रात आमच्या उंच मुलाचे पाच फाउल भरले व तो बाहेर गेला. थोड्याच वेळात दुसऱ्याच्या पोटरीत गोळा आला. बाकावर एक शांत मुलगा होता. सबंध स्पर्धेत त्याला आम्ही एकदाही उतरविले नव्हते. त्याला आम्ही म्हणालो, "जा रे, घाबरू नकोस." पहिलाच चेंडू हाती आला तेव्हा तो क्षणभर जागीच खिळला आणि मग त्याने तो थेट प्रतिपक्षाच्या हाती दिला. आम्ही दोन गुणांनी हरलो. परतीच्या बसमध्ये त्याच्याशी कोणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही.

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात ते फिटर होते. ते रागावले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "सर, आमच्याकडं नव्या पोराच्या हातात पहिल्या दिवसापासून कानस देतात. चुकतो, लोखंड वाया जातं, पण हात बसतो. तुम्ही माझ्या पोराला वर्षभर नुसतं बघायला लावलंत, आणि एकदम मोठं काम हातात दिलंत." आम्ही बी. एड.ला अध्यापनपद्धतीवर पुष्कळ वाचले होते. त्या वाचनात या दोन वाक्यांइतके स्पष्ट काही आम्हांस आठवेना.

पुढच्या जूनमध्ये आम्ही त्या मुलाला पुन्हा बोलावले. तो आला, पण म्हणाला, "सर, मी खेळत नाही. मी स्कोअर लिहितो." त्याने वर्षभर गुण लिहिले, आणि आम्ही न सांगता स्वतःच्या वहीत कोण कितव्या मिनिटास आत गेला व कितव्या मिनिटास बाहेर आला, हेही लिहिले. मोसम संपल्यावर आम्ही त्या वहीची बेरीज केली. पाच मुलांच्या नावांपुढे सबंध मोसमात मिळून दहा मिनिटेही नव्हती. एवढे होऊनही आम्ही सुधारलो नव्हतो, आणि आम्हांस तर वाटत होते की यंदा आपण सर्वांना खेळविले! वही नसती तर हा भ्रम तसाच राहिला असता.

४. बाहेरच्यांनी काय केले

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळ व व्यायाम यांची प्रात्यक्षिके करण्यासाठी गेले होते, हे आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक असेल. तेथील बास्केटबॉलमध्ये एका सामन्यासाठी सातच खेळाडू घेण्याची परवानगी होती. अमेरिकेने १४ खेळाडू नेले होते. त्यांनी सात-सातच्या दोन तुकड्या केल्या व त्या पाळीपाळीने खेळविल्या. अंतिम सामना मोकळ्या मैदानावर, पावसात, चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडास १९-८ असे हरविले. त्या दिवशी निम्म्या खेळाडूंना बाहेर राहावे लागले. पण आधीच्या फेऱ्यांत त्यांनी आपली पाळी बजावली होती. विजयही गेला नाही आणि माणसेही वाया गेली नाहीत.

महाविद्यालयीन खेळातील प्रसिद्ध उदाहरण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे. १९६१ पासून १९९७ पर्यंत त्यांनी तेथे संघ घडविला, ८७९ सामने जिंकले व १९८२ आणि १९९३ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्यांची एक रीत अशी की, सामन्याच्या पूर्वार्धात ते पाच राखीव खेळाडूंची आखी तुकडी थोड्या वेळापुरती मैदानात पाठवीत. मुख्य खेळाडूंस विसावा मिळे आणि राखीव मुलांना आपण संघात आहोत याची खात्री पटे. दुसरी रीत याहून सुंदर आहे. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करून बाहेर येण्याची खूण करावयाची. जो अशा रीतीने आपण होऊन बाहेर येई, त्याला आपण होऊन परत जाण्याचाही हक्क असे. त्यामुळे दमणूक लपवून जागा अडवून बसण्याचे कारणच उरत नसे.

तथापि केवळ मिनिटे वाटली म्हणजे काम झाले, असेही नाही. ग्रिनेल नावाच्या एका छोट्या अमेरिकन कॉलेजात पाच-पाचच्या तुकड्या भराभर बदलण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे पुष्कळ मुलांना मैदान मिळते. परंतु त्याच कॉलेजच्या एका खेळाडूने नोव्हेंबर २०१२ मध्ये एकाच सामन्यात १०८ वेळा चेंडू टोपलीकडे फेकून १३८ गुण केले. विक्रम झाला खरा. पण त्या दिवशी बाकीच्यांच्या वाट्याला चेंडू किती आला असेल, याचा विचार करावा. मैदानावर असणे आणि खेळात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूस एकदा दुसऱ्या कॉलेजात जाऊन, वर्ष फुकट न घालविता, लगेच खेळण्याची सवलत मिळाली, आणि पुढे ती आणखी सैल झाली. बाकावर बसून कंटाळलेला मुलगा तेथे कॉलेज सोडतो. आपल्याकडे तो खेळच सोडतो. म्हणून आपल्याकडील शिक्षकाची जबाबदारी अधिक आहे, असे आमचे नम्र मत आहे.

५. आपल्याच घरातील धडे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस फार दूर जाण्याची गरज नाही. खो-खो पाहा. नऊ जण मैदानात. संरक्षणाच्या पाळीस ते तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात. पहिली तुकडी फारच चांगली पळाली तर तिसरीस वेळच मिळत नाही. म्हणून जाणता कप्तान तुकड्यांचा क्रम प्रत्येक सामन्यात तोच ठेवीत नाही.

किंवा हुबळीपासून जवळच असलेल्या कुंदगोळचे उदाहरण घ्या. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व तेथले. गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला जाऊन त्यांच्यापाशी शिकल्या. आपल्या गायनपरंपरेत शिष्य मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो. तोही एक बाकच म्हणावयाचा. पण तो मुका बाक नव्हे. गुरू मध्येच थांबून शिष्याला एखादी जागा घेऊ देतात; ती फसली तर पुढच्याच आवर्तनात स्वतः सावरून घेतात. शिष्याला भरल्या मैफलीत सूर लावण्याची सवय होते आणि मैफलीचेही काही बिघडत नाही. केव्हा सूर सोडावा व केव्हा सावरावा, हे ज्याला कळते तो गुरू.

तिसरा धडा मुंबईच्या नागपाड्याचा. गरीब, दाटीच्या वस्तीतील त्या भागातून देशाच्या संघात गेलेले बास्केटबॉलपटू निघाले. भारताचे कप्तानपद भूषविलेले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळविलेले अब्बास मुन्तसिर तेथलेच. अशा वस्तीच्या मैदानावर खेळ तयार होतो तो का? तेथे संध्याकाळी जो येईल त्याला संघ मिळतो. हरला तो बाहेर, पण पुढच्या डावात पुन्हा आत. तेथे कोणी महिनोन् महिने नुसता पाहत बसत नाही.

६. दुसरी बाजू

फिजिकल डायरेक्टर मंडळींची अडचण आम्ही जाणतो. सामना हरला की प्राचार्य विचारतात, पालक विचारतात, आणि ज्या चार विद्यार्थ्यांनी मेहनत करून पहिल्या पाचांत जागा मिळविली, तेही विचारतात, "सर, आमचा काय गुन्हा?" हा प्रश्न खोटा नाही. जो सरावाला वेळेवर येत नाही, अंग चोरतो, त्याला केवळ यादीत नाव आहे म्हणून वेळ देणे हा इतरांवर अन्याय होईल. शिवाय तयारी नसलेल्या मुलास कठीण प्रसंगी उतरवून त्याची फजिती करणे हे तर निर्दयपणाचे आहे. आम्ही नेमके तेच केले होते.

म्हणून समान वेळ हे उत्तर नव्हे. ज्याला जितके पेलेल तितके, पण कोणाला शून्य नाही, हे उत्तर आहे. खेळण्याचा वेळ हे केवळ बक्षीस नव्हे. तो पाठ आहे. बक्षीस शहाण्यास द्यावे, पण पाठ मात्र ज्याला येत नाही त्यालाच अधिक लागतो. मोसमाच्या प्रारंभीचे व मैत्रीचे सामने हे पेरणीचे दिवस. तेथे मिनिटे सढळ हाताने पेरावी. बाद फेरीचे सामने हे कापणीचे दिवस. तेथे कसलेल्या हातांनी काम करावे. पेरणी न करता कापणीस गेलो, म्हणून आमच्या हाती काही लागले नाही.

७. व्यवहारात काय करावे

अनुभवावरून आम्हांस सुचलेल्या गोष्टी अशा :

(१) मिनिटांची वही ठेवावी. प्रत्येक सामन्यात कोण किती वेळ खेळला, हे लिहावे व महिन्याअखेर बेरीज करावी. शिक्षकाची स्मृती पक्षपाती असते, वही नसते.

(२) राखीव मुलास आधी सांगावे. "दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या मिनिटास तू जाशील, तुझे काम एवढेच की त्यांच्या सात नंबरला आत येऊ द्यावयाचे नाही." वेळ व काम ठाऊक असलेला मुलगा बाकावर बसूनही शिकत असतो.

(३) त्याला पूर्वार्धात उतरवावे. निकाल लागल्यावर मिळालेल्या शेवटच्या मिनिटांत शिकण्यासारखे काही नसते, आणि मुलास ते कळते.

(४) नव्या मुलास तीन-चार जुन्यांच्या सोबतीने पाठवावे आणि पहिल्या चुकीबरोबर माघारी बोलावू नये. निदान तीन मिनिटे द्यावी. चूक झाली की नजर बाकाकडे वळते. ती सवय एकदा लागली की सुटत नाही.

(५) ज्याला कमी वेळ मिळणार त्याला त्याचे कारण एकांतात, स्पष्ट शब्दांत सांगावे व काय केले असता वेळ वाढेल हेही सांगावे. मौनाने मुले जितकी दुखावतात तितकी नकाराने दुखावत नाहीत.

(६) सरावात तीन-तीनचा खेळ घ्यावा. अर्ध्या मैदानावर एका टोपलीचा हा खेळ टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्येही आला आहे. त्यात संघ चार जणांचा असतो, तिघे आत व एक बाहेर. १२ मुलांचे तीन संघ होतात. दोन खेळतात, एक विसावा घेतो, आणि तासाभरात प्रत्येकाच्या हाती चेंडू कितीतरी वेळा येतो.

पालकांसही एक विनंती. मूल घरी आले की "किती गुण केलेस?" असे न विचारता "आज काय शिकलास?" असे विचारावे. आणि फिजिकल डायरेक्टरकडे जावयाचे झाल्यास "माझ्या मुलाला का खेळवीत नाही?" असे न म्हणता "त्याने काय सुधारावे?" असे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे प्रत्येक शिक्षकास भाग पडते.

८. ट्रस्टपाशी एक मागणे

हुबळी आणि धारवाड यांच्यात जेमतेम २० किलोमीटरांचे अंतर आहे. दोन्ही गावांत महाविद्यालये आहेत, मैदाने आहेत. उणीव आहे ती सामन्यांची, आणि विशेषतः ज्यांत हरण्याचे भय नाही अशा सामन्यांची. या महोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने दोन्ही गावांतील महाविद्यालयांसाठी, मुलांचा व मुलींचा वेगळा, असा एक फिरता चषक ठेवावा असे आम्ही सुचवितो. तो बाद पद्धतीचा नसावा; प्रत्येक संघाने इतर प्रत्येक संघाशी खेळावे. आणि त्याचा एकच विशेष नियम असावा : यादीतील प्रत्येक खेळाडूने प्रत्येक सामन्यात किमान १० मिनिटे खेळले पाहिजे.

हे अशक्य नाही. १२ जणांची प्रत्येकी १० मिनिटे म्हणजे १२० झाली. २०० पैकी ८० मिनिटे प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहिली. ती सर्व त्याने आपल्या उत्तम पाचांस दिली तरी त्या प्रत्येकाची २६ मिनिटे होतात. म्हणजे चांगल्याचे चांगलेपण झाकत नाही आणि बाराव्यासही मैदान मिळते. खर्चही फारसा नाही. एक चषक, काही चेंडू, पंचांचे मानधन आणि प्रत्येक संघास मिनिटांची एक वही, एवढे पुरे आहे.

ती वही कशी आखावी, हे आम्ही त्या मुलाच्या वहीवरूनच सांगू शकू. ती आमच्या कपाटात अजून आहे. तो मुलगा मात्र पुन्हा मैदानात उतरला नाही. त्याचे देणे आमच्याकडून फिटले नाही आणि आता फिटणारही नाही. या चषकाच्या निमित्ताने त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणाला वेळेवर दहा मिनिटे मिळाली, तर आम्हांस समाधान वाटेल. ट्रस्टच्या सभासदांनी या सूचनेचा विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.